गोंदलेला नंबर

मोताळ्याच्या बाजारात मनकर्णाबाईंनी डॉक्टर आलिमाचा हात धरला. आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या जनुकांवरील संशोधनासाठी आलिमाने त्यांच्या गावातून दोनशे जणांची थुंकी नेली होती. नळ्यांवर नावं नव्हती, फक्त नंबर; तोच नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाला दिला होता. "चिठ्ठी जपा, रिपोर्ट येईल," असं निघताना ती सहज बोलून गेली होती. शोधनिबंध छापून आला. रिपोर्ट कुणालाच गेला नाही.

"काऊन वं बाई, इसरली काय आमाले? पोरगा तर झोपीतच गेला. नातीले तसं होनार नाई ना, येवढं सांग."

"नंबराची चिठ्ठी आहे का, आजी?" हरवली असेल, या आशेनेच आलिमाने विचारलं.

मनकर्णाबाईंनी मनगटावरच्या बांगड्या वर सारल्या.


"चिठ्ठी हारपते बाई, म्हून नंबर गोंदूनच घेतला."