समोरची रिकामी जागा

रोवेनाला रात्रभर झोप नव्हती. हिवाळाभर पबच्या मागच्या खोलीत घोटलेला मॉरिस नाच, घुंगरं बांधून समोरच्याच्या काठीवर काठी हाणायचा तो इंग्रजी लोकनाच, ती आज, मे महिन्याच्या पहिल्या पहाटे, टेकडीवर पहिल्यांदाच नाचणार होती.

"घुंगरं घट्ट बांध, पोरी," म्होरक्या डन्स्टन म्हणाला, "नाहीतर दिवसभर मेंढ्यांच्या लेंड्यांत शोधत बसशील." सगळे खो खो हसले.

नाच सहाजणांचा, पण माणसं पाचच. सहावी जागा ते कधीच भरत नसत आणि नवख्याला नेहमी त्या रिकाम्या जागेसमोर उभं करत. सरावात रोवेनाची काठी नुसती हवेत फिरायची, मग बाकीचे चिडवायचे, "जोडीदाराला जपून हं."

तांबडं फुटलं, हातपेटी वाजली. घुंगरं एकदम झणाणली तशी रोवेनाच्या अंगावर आनंदाने काटा आला. ठेक्यावर तिने जोरात काठी हाणली.

टक्क.

काठीला काठी लागली होती. दणका पार खांद्यापर्यंत गेला, पण समोर फक्त दवाने भिजलेलं गवत होतं. तिने डन्स्टनकडे पाहिलं, तर तो नाचता नाचता मान डोलावत होता. पुढचा टोला तिने आणखी जोरात मारला. तोही बरोबर ठेक्यावर परत आला. हिवाळाभर हवेत काठी फिरवल्यावर तिला पहिल्यांदाच जोडीदार मिळाला होता, तोही इतका पक्का. ती नाचता नाचता मोठ्याने हसली.

सूर्य वर आला, पेटी थांबली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी काठ्या उंच केल्या.

रोवेनाची काठी वर येईना. समोरून कुणीतरी ती धरून हळूहळू आपल्याकडे ओढत होतं.