जागी डिस्क

बाबा गेले, तरी त्यांचा लॅपटॉप झाकण मिटूनही गरमच राहायचा. सकाळपर्यंत बॅटरी संपायची. आई त्यावर हात ठेवून म्हणायची, "अजून जागेच आहेत." बाबांना झोपेचं वावडंच होतं.

डिस्क चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बाबांनीच लिहिलेला. लॅपटॉप झोपला की डिस्कलाही झोपवायचं, ती ओळ तेवढी राहून गेली होती. त्यांच्याकडूनच शिकलेलं काम. ओळ मी घातली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गार होता. बॅटरी एक टक्काही उतरली नव्हती. "आई, जमलं गं," मी मोठ्याने म्हणाले.

आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. किती दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा."

मी हसणार, तेवढ्यात बाबांच्या रिकाम्या खोलीतून घोरणं ऐकू आलं.