तपासले, ठीक आहे

तो ट्रेलरमध्ये ओणवा होऊन सिंकखालची फळी अंगठ्याने दाबून पाहत होता. फळी दबली नाही. तो पुढच्या फळीकडे सरकला.

"काय म्हणतंय?" ताईने दारातून विचारलं.

"कोरडं आहे."

ताईने मागे वळून भावोजींकडे अशा काही ऐटीत पाहिलं, की जणू फळी तिनेच ठोकली होती. गाडीच्या मागे जोडायचं हे चाकांवरचं घर गेल्या सहा महिन्यांत तिचं मनातल्या मनात तीनदा सजवून झालं होतं. दोघंही निवृत्त झाले होते. राहतं घर मुलीला देऊन टाकायचं आणि उरलेलं आयुष्य यातच फिरत काढायचं, असा बेत होता. म्हणजे नुसती हौस नव्हती. याच अठरा फुटांत रोज चहा होणार होता, याच पलंगावर दोघं खिडक्या लावून झोपणार होते. भावोजी मात्र पहिल्यापासून "बघू" म्हणत होते, आणि त्यांचं "बघू" म्हणजे काय ते ताई चाळीस वर्षं ओळखून होती. शेवटी तिनेच तोडगा काढला होता. "माझा भाऊ हो म्हणाला तर घ्यायचं. नाही म्हणाला तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

भाऊ हा ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीच्याच कारखान्यात अकरा वर्षं तपासनीस होता. दीड वर्षापूर्वी त्याने नोकरी सोडली. का सोडली, ते कुणी खोदून विचारलं नाही. बायको गेल्यापासून लोक त्याला फारसं काही विचारतच नसत.

ताईने बोलावलं म्हणून तो आला होता. बोलावलं नसतं तर घरी बसला असता. दोन्हीत त्याला काही फरक वाटला नसता, हल्ली कशातच वाटत नसे. पण हातांना काम येत होतं. हात खिडक्यांच्या रबरावरून फिरले, छताच्या सांध्यांवर थांबले. मग त्याने बाहेर येऊन, खाली वाकून, टॉर्च मारून आसाचं वेल्डिंग पाहिलं.

"दोन वर्षं यार्डात उभा आहे, साहेब, पण एक दिवस वापरलेला नाही," विक्रेता म्हणाला. "म्हणून तर एवढी सवलत."

त्याने फोन काढून कंपनीच्या मदत क्रमांकावर लावला.

"अहो, मी आहे ना! मला विचारा की."

"तुम्ही विकेपर्यंत आहात," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती.

पलीकडे एका बाईने चौथ्या रिंगला फोन उचलला. तीन वर्षांनी पाण्याचा पंप बिघडला आणि आम्ही कुठेतरी आडगावात असलो, तर काय, असं त्याने विचारलं. बाईने थापा मारल्या नाहीत. पंप पोचायला आठ दिवस लागतील, म्हणाली. तेवढा धीर नसेल तर तिथल्या मेकॅनिककडून करून घ्या, पावती पाठवा, पैसे देऊ.

"कंपनी चांगली आहे, ताई," त्याने फोन ठेवत सांगितलं. "फोन उचलतात आणि खोटं बोलत नाहीत."

ताईचा चेहरा खुलला. विक्रेत्याचा तर त्याहून जास्त.

राहता राहिला गॅस. शेगडीच्या आणि हीटरच्या नळीचे जोड भिंतीच्या आत असतात. भिंत बंद करण्याआधी कारखान्यात त्यांना साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडा आला तर गळती आहे. तपासनिसाने सही केली की भिंत बंद होते. त्यानंतर त्या सहीवर विसंबून राहायचं.

सहीची चिठ्ठी पलंगाखालच्या खणाच्या मागे चिकटवलेली असते. विक्रेत्यालाही ते ठाऊक नव्हतं. भावाने परत आत जाऊन खण ओढून काढला, टॉर्च आत धरला. ताईही वाकली. छापील ओळ होती, 'तपासले, ठीक आहे'. त्याखाली सही आणि तारीख.

"अगंबाई! ही तर तुझी सही!" ताई जवळजवळ ओरडलीच. "अहो, ऐकलंत का? याचीच सही आहे!"

भावोजी आत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ते मनमोकळं हसले. "मग मिटलंच की! घरच्या माणसाने पास केलेलं." त्यांनी खिशातून पेन काढलं. विक्रेत्याने कागद पुढे केले.

तो अजून चिठ्ठीकडेच पाहत होता. सही टापटीप होती. कुठे रेघ हललेली नव्हती.

"भावोजी, थांबा," तो म्हणाला. "ताई, तारीख बघ."

ताईने वाचली. पुन्हा वाचली. "ही तर वहिनी गेली त्याच आठवड्यातली."

"पाचव्या दिवशी कामावर गेलो होतो मी."

"माहितीये की मला."

"गेलो, पण तपासलं काहीच नाही. सकाळी बादलीत साबणाचं पाणी करायचो. संध्याकाळी तसंच ओतून द्यायचो. मधल्या वेळात स्टुलावर बसायचो आणि समोर येईल त्या चिठ्ठीवर सही करायचो. महिनाभर."

"आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?" विक्रेत्याने विचारलं.

"सही बरोबर होती ना." तो खण जागेवर बसवू लागला, पण खण बसेना. "नोकरी सोडली ती त्यामुळेच. सांगायचं मात्र धाडस झालं नाही. आता कंपनीत जाऊन सांगतो, त्या महिन्यातल्या सगळ्याच गाड्यांचं. तू ही घेऊ नकोस, ताई."

भावोजींनी पेनाला टोपण लावलं. ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिने त्याच्या हातातला खण काढून घेतला आणि त्याचा हात धरून ठेवला. हात गार होता.

"आणि मी जगाला सांगत सुटले होते," ती म्हणाली, "माझा भाऊ बघा, पाचव्या दिवशी कामावर."