ग्लुकोजचा डबा

सुनेनं डब्यातला तिसरा चमचा पाण्यात कालवून नवऱ्याच्या ओठांना लावला. तो घामानं निथळत होता, हात लटपटत होते. जेवणाबरोबरची गोळी गिळली, इन्सुलिन टोचून घेतलं आणि न जेवताच अडलेलं वेल्डिंग उरकायला गेला, ते अंगाशी आलं होतं. पण सून धीराची होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे घरात ग्लुकोज होतं.

सासू त्याचे तळवे चोळत होती. डब्यात ग्लुकोज नाही, हे तिला ठाऊक होतं. उन्हाच्या दिवसांत भर दुपारी तिनंच ते गुपचूप पिऊन संपवलं होतं. मग सुनेच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून डब्यात पिठीसाखर भरून ठेवली. ताकास तूर लागू दिली नाही. आताही तिला काळजी वाटत नव्हती. गोड ते गोड, त्यात एवढं काय!

चमचे संपेनात आणि त्याला तरतरी येईना. डब्यावर विसंबून बराच वेळ गेला. शेवटी त्याला आकडी आली, तेव्हा सून धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, छाती दाबून पाहिली. नाडी परत आली नाही.

त्यांनी डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली.

"ग्लुकोज जिभेला गार लागतं. ही साखर आहे. पोटातलं एन्झाइम साखर फोडतं, मग ती रक्तात जाते. ह्यांच्या जेवणाबरोबरच्या गोळीनं तेच एन्झाइम अडवलेलं असतं. म्हणून तर बजावलं होतं, साखर कामाची नाही. डबा कुणी भरला?"

 सुनेनं आधारासाठी सासूकडे पाहिलं.

सासूचा तो एकुलता एक मुलगा होता. क्षणभर तिनं तोंड उघडलं, पण दोघी तिच्याकडेच बघत होत्या.

"स्वयंपाकघर सगळं हिच्या हातात आहे," ती म्हणाली. "मी कशालाही हात लावत नाही."

पिठीसाखरेचा डबा शेजारीच असे. घाईत आपणच चुकलो असणार, असं सुनेला वाटलं. सासूचे पाय धरून ती हमसून हमसून माफी मागू लागली.

सासूनं तिला माफ केलं.