बाबांनी निवडलेला राक्षस

फासे टाकून राक्षसांशी लढायच्या खेळासाठी गौरजाला बोटभर उंचीचे राक्षस मागवायचे होते. ते घेण्यासारखे आहेत का, हे विचारायला धामापुरात तिच्या बाबांएवढा जाणकार कोण होता? गुरुदास दशावतारात गेली कित्येक वर्षं राक्षस होत आले होते, आणि देवाच्या हातून त्यांचं ते कोसळणं बघायला लोक जत्रेत पहाटेपर्यंत बसून राहत.

चष्मा लावून त्यांनी मोबाईलवर एकेकाची परीक्षा घेतली. "ह्येचे पाय बघ गो, ह्यो नाचतलो कसो? आणि ह्यो पंखवालो पडद्यातसून भायर येवचो नाय." शेवटी एका शिंगवाल्यावर बोट टेकलं. "ह्यो घे. छाती बघ ह्येची! ह्येका म्हणतत राक्षस."

पार्सल आलं आणि रविवारी दुपारी पडवीत पट मांडला. बाबा मुद्दाम खुर्ची ओढून बसले. शिंगवाला नुसता सुटला होता. फासे सारखे त्याच्याच बाजूने पडत गेले, आणि चहाच्या वेळेपर्यंत गौरजाच्या मैत्रिणींचे सगळे वीर आडवे झाले. पटावर तो एकटाच उभा होता.

"बाबा, बघितल्यात? तुमी निवडलेलो जिंकलो!"

गुरुदासांनी त्याला उचललं, उलटासुलटा करून पाहिलं आणि डबीत घालून डबी लेकीच्या हातात दिली.



"परत धाड गो ह्येका. ह्येका मरूक येणा नाय."