बारशाआधी

वैजयंताच्या तान्हीच्या टाचेवरची तपासणीची पट्टी जांभळी झाली; म्हणजे रक्तात जंतू शिरलेच. पोर सकाळपासून दूध ओढत नव्हती, पाय गार पडले होते. डॉक्टरांनी औषधाच्या कपाटावर हात ठेवला.

"अँटिबायोटिक माणशी आयुष्यात एकदाच," कपाट बोललं. "बाळाचं नाव सांगा."

"बारशाआधी नाव ठेवत नाहीत," सासूबाई चाचरल्या, "आणि तो मान आत्याचा."

"मान गेला खड्ड्यात!" बाळंतपणाचे टाके ओढत असतानाही वैजयंता उठली. काचेच्या पेटीचं झाकण उचलून तिने लेकीच्या कानात कुर्र केलं आणि कपाटाला ठणकावलं, "इरावती गवांदे!"

"इरावतीला पुन्हा मिळणार नाही. पुढच्या आजारासाठी राखून ठेवायचं का?"

"पुढचा आजार यायला ती जगायला नको का?" वैजयंताने कपाटावर मूठ आपटली. "उघड, मेल्या!"