कमरेचा कसा

कालिंदीबाईंना आताशा विसर पडू लागला होता. परमुलखात काही हरवायला नको, म्हणून विश्वंभरपंतांनी दोघांचे पासपोर्ट, डॉलर, लेकीच्या घरचा पत्ता, सारे आपल्या कमरेच्या कशात बांधून घेतले होते. नायगाराच्या काठी त्यांनी त्या महाधारेला हात जोडून डोळे मिटले. उघडले, तेव्हा कसा जागच्या जागी होता, कालिंदीबाई नव्हत्या.

पुष्कळ शोधानंतर त्या पोलीस चौकीतल्या बाकावर शांत बसलेल्या सापडल्या. पंतांनी कसा सोडला आणि दोन्ही पासपोर्ट पोलीस बाईंपुढे ठेवले. त्यांनी ते न्याहाळून काहीतरी विचारले. गर्दीतून मदतीला आलेली सावनी नावाची मराठी विद्यार्थिनी म्हणाली, "आजोबा, पेपर्स ओके आहेत. पण आजी तुम्हाला ओळखतात ना, ते त्यांच्याच तोंडून कन्फर्म करायचंय." मग ती कालिंदीबाईंपुढे गुडघे टेकून बसली. "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

कालिंदीबाईंनी पंतांकडे पाहिले, पदर सावरला आणि मान खाली घालून त्या हसल्या.

"अगं, घे नाव!" पंत कळवळून म्हणाले. "आज नुसतं घेतलंस तरी चालेल, उखाणा नको."

त्या पुन्हा तशाच हसल्या.

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव कधीच उच्चारले नव्हते. आजचे हे मौन त्या जुन्या संकोचाचे की नव्या विस्मरणाचे, हे उघडा कसा हाती धरून उभ्या असलेल्या पंतांना काही केल्या उमगेना.